सामाईक पार्टिशनचे कानमंत्र

पोरी, लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकायचं ठरवलंस हे ऐकून फार बरं वाटलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, तेव्हापासून ओळखीपाळखीतले बरेच जण या वाटेला लागलेत. पण विंडोज पुरतं सोडवत नाही हेही खरं. श्रीलिपीतल्या आणि पेजमेकरमधल्या जुन्या फायली तिथेच धड उघडतात. म्हणून दोन्ही हवीत, आणि फोटो, पुस्तकं, कामाची कागदपत्रं दोन्हीकडून दिसायला मधे एक सामाईक पार्टिशन हवं. एवढंच तर मागणं आहे तुझं, आणि ते नीट केलं तर वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतं.

दोन गोष्टी पदराला गाठ मारून ठेव. सामाईक ठेवायचा तो डेटा, सिस्टीम नाही. आणि एका सिस्टीममधून उठताना ती पूर्ण बंद करायची, मगच दुसरीत पाय टाकायचा. खाली जे सांगते ते सगळं या दोन्हींसाठीच आहे.

डिस्कला हात लावायच्या आधी

१. महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर काढ, आणि त्यातल्या दोन-चार फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघ — उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नसते, नुसती आशा असते.

२. सी ड्राइव्हवर कुलपाचं चिन्ह आहे का ते पाहा. असेल तर बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घरच्या कपाटात ठेव, लॅपटॉपच्या बॅगेत नको — नव्या मशिनांवर विंडोज ११ बऱ्याचदा न सांगता एन्क्रिप्शन चालू करून टाकतं, आणि बूटमध्ये जरा बदल झाला की दारातच ती की मागतं.

३. विंडोजचं पार्टिशन लहान करायचं तर विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून, ‘श्रिंक व्हॉल्यूम’ने — आपल्या कोणत्या फायली जागच्या हलत नाहीत हे त्यालाच ठाऊक असतं. लहान केल्यावर विंडोज एकदा सुरू करून बघ, सगळं ठीक दिसलं तरच पुढे जा.

४. ५१२ जीबीची डिस्क असेल तर विंडोजला दीडशे, लिनक्सला साठ-सत्तर आणि उरलेलं सगळं सामाईक, अशी वाटणी कर — विंडोज ११ ची किमान अट ६४ जीबीची आहे, पण अपडेटं येऊ लागली की तेवढ्यात त्याचा श्वास कोंडतो.

५. प्रत्येक पार्टिशनला लेबल दे: विंडोज, लिनक्स, सामाईक. आकारावरून ओळखायला जाऊ नकोस — विंडोज ज्याला १८६ जीबी म्हणतं, त्याच पार्टिशनला लिनक्समधलं डिस्क्स हे टूल २०० जीबी म्हणतं, कारण एकजण १०२४ च्या पटीत मोजतो आणि दुसरा १००० च्या. नाव दिसलं की हात थांबतो.

६. आधी विंडोज, मग लिनक्स, या क्रमाने टाक. लिनक्सचा इन्स्टॉलर ‘इरेज डिस्क’ असं आपुलकीने सुचवेल, ते सोडून हाताने पार्टिशन निवडायचा पर्याय घे — त्या एका पर्यायात विंडोज, सामाईक डेटा आणि तुझी शनिवार-रविवारची सुट्टी तिन्ही जातात.

७. ईएफआय नावाचं जेमतेम १०० एमबीचं पार्टिशन दिसेल. ते वापरायला दे, पण त्याच्या फॉरमॅटच्या चौकोनात टिक नसल्याची खात्री कर — दोन्ही सिस्टीमना सुरू करणाऱ्या फायली तिथे आपापल्या फोल्डरात शेजारी शेजारी असतात, आणि एकासाठी पुसलं की दुसऱ्याचंही दार बंद होतं.

सामाईक पार्टिशन कशाचं करावं

इथे लोक फार घोळ घालतात. माझं मत सरळ आहे: लॅपटॉपच्या आतल्या पार्टिशनला एनटीएफएस, खिशातल्या पेनड्राइव्हला एक्सफॅट.

८. एनटीएफएस घे, कारण त्यात जर्नल असतं — लिहितालिहिता वीज गेली तर काय अर्धवट राहिलं याची नोंद मिळते आणि दुरुस्ती होते. लिनक्सला आता ते परकं राहिलेलं नाही. जुना एनटीएफएस-थ्रीजी आहेच, आणि २०२१ मध्ये आलेल्या ५.१५ कर्नेलपासून एनटीएफएस३ हा ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहे.

९. एक्सफॅट दोन्हीकडे चालतं, मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये त्याचं तपशीलपत्र खुलं केल्यापासून लिनक्समध्येही ते चांगलं चालतं, पण रोजच्या कामाला नको — त्यात जर्नल नाही. शिवाय मोठ्या पार्टिशनवर ते साधारणपणे १२८ केबीचे तुकडे पाडतं, म्हणजे दोन-दोन केबीच्या हजार चिठ्ठ्या ठेवल्यास तर त्या सव्वाशे एमबी अडवून बसतील.

१०. फॅट३२ विसर — ४ जीबीहून मोठी एक फाइलही त्यात मावत नाही, आणि ताईच्या लग्नाचा व्हिडिओ त्याहून मोठाच आहे.

११. लिनक्सचं एक्स्ट४ पार्टिशन विंडोजला स्वतःहून वाचता येत नाही. कधी त्याला तिथे ड्राइव्ह दिसला तर ते ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असं म्हणेल, तेव्हा ‘कॅन्सल’ दाब — विंडोजला जे कळत नाही ते त्याच्या लेखी रिकामं असतं. वाचल्याशिवाय ओके नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेव, विशेषतः तुझ्या धाकट्याला.

१२. एक्स्ट४ वर विंडोजमधून लिहू देणारे बाहेरचे ड्रायव्हर मिळतात, त्यांच्या नादी लागू नकोस — सोय दोन मिनिटांची, आणि निस्तरायला सगळी लिनक्स सिस्टीम.

विंडोज बंद झालं असं वाटतं तेव्हा

आता जरा सावकाश वाच, कारण सामाईक पार्टिशनवरून होणारी बहुतेक रडारड इथून सुरू होते.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तू ‘शट डाउन’ दाबतेस, पडदा काळा होतो, पंखा थांबतो. पण विंडोजने आपल्या गाभ्याची स्थिती मेमरीतून उचलून डिस्कवर ठेवलेली असते, म्हणजे उद्या लवकर उठता यावं. त्या स्थितीत सामाईक ड्राइव्हचा हिशेबही असतो: कोणती फाइल कुठे, कुठली जागा मोकळी. वरून राख, आत निखारा. अशा वेळी लिनक्समध्ये जाऊन तू चार फायली लिहिल्यास, आणि दुसऱ्या दिवशी विंडोज आपला कालचा हिशेब घेऊन उठलं, तर त्याला त्या चार फायली माहीतच नसतात. त्याच जागेवर ते दुसरं काही लिहितं. फाइल गेली, आणि कोणी पुसली तेही कळत नाही.

लिनक्स यात तुझी बाजू घेतं. एनटीएफएस-थ्रीजीला असा अर्धवट मिटलेला ड्राइव्ह दिसला की ते टर्मिनलवर सांगतं: ‘मेटाडेटा केप्ट इन विंडोज कॅश, रिफ्यूज्ड टू माउंट.’ कधी ड्राइव्ह नुसता वाचायला उघडतं, लिहू देत नाही. लोक यावर चिडतात. चिडू नकोस, ते तुझ्या फायली वाचवतंय.

१३. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, मग पॉवर ऑप्शन्स, मग ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जाऊन ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची टिक काढ — एसएसडीवर त्याने वाचतात ते काही सेकंद, आणि धोक्यात येतो तो सगळा सामाईक डेटा.

१४. हायबरनेट कधीच वापरत नसशील तर ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमधून ते मुळातूनच बंद कर. ‘पॉवरसीएफजी’ ही कमांड, तिला ‘एच ऑफ’ सांगायचं — फास्ट स्टार्टअप त्यावरच उभं असतं, त्यामुळे तेही आपोआप जातं. वर काही जीबीची फाइल निघून जागाही मोकळी होते.

१५. विंडोजचं मोठं अपडेट आलं की ती टिक एकदा पुन्हा बघ — काही वेळा ती गुपचूप परत येते.

१६. दुसऱ्याच्या मशिनवर काम करत असशील आणि त्याच्या सेटिंगला हात लावायचा नसेल, तर ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ दाबून तिथून लिनक्समध्ये जा, किंवा शिफ्ट दाबून ठेवून ‘शट डाउन’ कर — दोन्हींत विंडोज खरोखर बंद होतं.

१७. हाच नियम लिनक्सलाही आहे. लिनक्स हायबरनेट करून विंडोजमध्ये जाऊ नकोस — तेही आपला जुना हिशेब घेऊनच उठतं, आणि या बाजूने विंडोज तुला सावध करणार नाही.

१८. पार्टिशन उघडत नाही म्हणून ‘रिमूव्ह हायबरफाइल’ हा पर्याय सुचवणारे पुष्कळ भेटतील. तो शेवटचा उपाय आहे, पहिला नाही — त्याने विंडोजमधलं न साठवलेलं काम जातं. आधी विंडोज सुरू कर, नीट बंद कर, परत ये. दहातल्या नऊ वेळा तेवढ्यानेच भागतं.

लिनक्समध्ये जोडताना

१९. कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं ते लिनक्स एफएसटॅब फायलीत वाचतं. तिथे सामाईक पार्टिशन त्याच्या यूयूआयडीने, म्हणजे कायमच्या ओळखक्रमांकाने लिही, एसडीए३ अशा नावाने नको — दुसरी डिस्क जोडली की ती नावं इकडची तिकडे होतात, यूयूआयडी तोच राहतो.

२०. त्याच ओळीत ‘नोफेल’ घाल — एखाद दिवशी तो ड्राइव्ह जोडता आला नाही तरी लिनक्स दारात अडून बसणार नाही, त्याच्याशिवाय उठेल.

२१. ‘यूआयडी’ आणि ‘जीआयडी’, म्हणजे वापरणारीचा आणि तिच्या गटाचा क्रमांकही तिथेच दे, एकट्या वापरणारीला बहुधा १००० — नाहीतर स्वतःच्याच फोटोंना हात लावायला सुडो म्हणायची वेळ येऊ शकते.

२२. विंडोजचा सी ड्राइव्ह लिनक्समध्ये हवाच असेल तर फक्त वाचायला जोड — तिथून घ्यायचं असतं, तिथे ठेवायचं काही नसतं.

फायलींची नावं

आपण मराठीत नावं देतो, म्हणून हे जरा जास्त सांगते. परदेशी पुस्तकांत हे सापडायचं नाही.

२३. नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारा, अवतरणचिन्ह, उभी रेघ घालू नकोस — लिनक्स ‘बिल भरलं का?’ असं नाव आनंदाने घेईल, पण विंडोजला ती फाइल उघडताही येणार नाही आणि पुसताही येणार नाही. एनटीएफएस-थ्रीजीला ‘विंडोज नेम्स’ हा पर्याय दिलास तर ते अशी नावं मुळात करूच देत नाही, आणि तो द्यावाच असं माझं म्हणणं आहे.

२४. तारीख लिहायची तर वर्ष-महिना-दिवस, मधे आडव्या रेघा — दोन्हीकडे चालतं आणि फायली आपसूक क्रमाने लागतात.

२५. इंग्रजी नावात लहान-मोठ्या अक्षरांचा खेळ टाळ — लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात, विंडोजला एकच, आणि मग दोन बिलांपैकी एकच उघडतं. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही, तेवढी आपली एक कटकट वाचली.

२६. पण आपल्याकडे दुसरी आहे. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘खऱ्या’ यांतला ऱ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टाइप होतो: कधी एकच वर्ण, कधी र आणि नुक्ता, कधी अदृश्य जोडखूण घालून. दिसायला सगळे सारखे, डिस्कच्या लेखी मात्र वेगळे. विंडोजवर एक कीबोर्ड आणि लिनक्सवर दुसरा वापरशील तर ‘सह्याद्रीतल्या दऱ्या’ नावाची दोन फोल्डरं शेजारी शेजारी उभी राहतील आणि शोधात एकच सापडेल — म्हणून दोन्हीकडे इनस्क्रिप्टच ठेव, किंवा फोल्डरच्या नावात तो ऱ टाळ.

२७. मराठी नाव आटोपशीर ठेव — एनटीएफएस २५५ वर्ण घेतं, पण एक्स्ट४ २५५ बाइट घेतं, आणि देवनागरीचा एकेक वर्ण तीन बाइट खातो. म्हणजे लिनक्सच्या घरच्या पार्टिशनवर ८५ वर्ण झाले की संपलं, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे त्यात वेगळे मोजले जातात. अख्खं वाक्य नाव म्हणून दिलंस की कॉपी मधेच अडेल.

२८. जुन्या मराठी फॉन्टांची एक प्रत सामाईक पार्टिशनवर ठेव आणि लिनक्समध्येही बसव — युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर फॉन्ट नसला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, आणि फाइल बिघडली असं समजून माणसं ती पुसून टाकतात.

सामाईक काय ठेवू नये

२९. अख्खं होम फोल्डर सामाईक करू नकोस. कागदपत्रं, फोटो, गाणी, डाउनलोड एवढीच फोल्डरं तिथे ठेव आणि होममधून त्यांना दुवे दे — सेटिंगच्या फायलींना लिनक्सचे हक्क आणि मालकी लागते, ती या पार्टिशनवर नीट राहत नाही.

३०. मेल आयमॅपने घे, म्हणजे मेलचं फोल्डर वाटून घ्यायची वेळच येत नाही — एकीकडे प्रोग्रॅम नवा झाला आणि दुसरीकडे जुना राहिला की सामाईक प्रोफाइल उघडेनासं होतं.

३१. वनड्राइव्हचं फोल्डर इथे नको — त्यातल्या बऱ्याच फायली नावापुरत्या डिस्कवर असतात, खऱ्या असतात इंटरनेटवर. लिनक्सला ते तुटके दुवे दिसतात.

३२. प्रोग्रॅमिंग शिकतेस, म्हणून: गिटची रेपॉझिटरी दोन्हीकडे वेगवेगळी घे — सामाईक पार्टिशनवर हक्कांच्या खुणा बदलल्यासारख्या दिसतात आणि एक अक्षर न लिहिता शंभर फायली ‘बदलल्या’ म्हणून समोर येतात. धाकटा स्टीमचे गेम खेळत असेल तर त्यालाही सांग, प्रोटॉनचं फोल्डर एक्स्ट४ वरच असू दे. त्यात अपूर्णविरामाची नावं असतात.

३३. लिनक्समध्ये ‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाचं फोल्डर दिसेल, विंडोजमध्ये ‘ट्रॅश-१०००’. पहिल्याला हात लावू नकोस, ते विंडोजचं आहे. दुसरी तुझीच लिनक्समधली कचरापेटी, ती लिनक्समधूनच रिकामी कर — जागा कुठे गेली हे शोधताना बहुधा तिथेच सापडते.

घड्याळ

३४. विंडोजमध्ये वेळ साडेपाच तास मागे दिसली तर बॅटरी बदलायला धावू नकोस — लिनक्स मशिनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, आणि विंडोज तिलाच स्थानिक वेळ समजतं. चुकीच्या घड्याळावर साठवलेल्या फायलींचे शिक्के चुकतात, आणि मग नवी कोणती, जुनी कोणती ते कळत नाही.

३५. आपल्याकडे उन्हाळी वेळ नाही, त्यामुळे लिनक्सला ‘टाइमडेटसीटीएल’ने स्थानिक वेळ पाळायला सांगितलंस तरी भागतं, लिनक्स जरा कुरकुरेल, पण चालेल. लंडनच्या दादाला मात्र हा उपाय देऊ नकोस — तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ फिरतं आणि दोन्ही सिस्टीम ते आपापल्या परीने फिरवू पाहतात. त्याने विंडोजच्या रजिस्ट्रीतच जागतिक वेळ लावावी.

बिनसलं तर

३६. लिहिता लिहिता लाइट गेली किंवा बॅटरी संपली, तर पुढच्या वेळी आधी विंडोजमध्ये जा आणि सामाईक ड्राइव्हवर चेकडिस्क चालव — एनटीएफएसची खरी दुरुस्ती त्यालाच येते. लिनक्समधलं एनटीएफएसफिक्स वरवरची डागडुजी करतं आणि बाकीचं काम विंडोजसाठी खूण करून ठेवतं.

३७. विंडोजच्या अपडेटनंतर लिनक्सचा मेनू दिसेनासा झाला तर पुन्हा इन्स्टॉल करू नकोस. बायोसमध्ये जाऊन बूटचा क्रम बघ — बहुतेक वेळा विंडोजने स्वतःला वर नेलेलं असतं, लिनक्स जागच्या जागी असतं.

३८. उलट, लिनक्सच्या मेनूत विंडोज दिसत नसेल तर ग्रबच्या, म्हणजे तो मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर चालू आहे का ते पाहा — २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून ग्रब तो बंद ठेवतं.

३९. दर महिन्याला एक दिवस ठरवून सामाईक पार्टिशनची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढ — फायली दोन सिस्टीममधून दिसतात म्हणजे त्यांच्या दोन प्रती आहेत असं नव्हे. डिस्क एकच आहे, ती गेली तर दोन्हीकडून एकदमच जातात.

४०. आणि एवढं करूनही अडलीस तर काहीही दाबायच्या आधी स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो काढ, टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ला ‘एफ’ जोडून जी यादी येते तिचाही काढ, आणि दोन्ही मला व्हॉट्सॲपवर पाठव — ‘मावशी, काहीतरी लाल लाल आलंय’ एवढ्यावरून मला काही सांगता येत नाही. रात्री अकरापर्यंत मी जागीच असते.